तेरचा हरवलेला मूळपुरुष

(ज्युबिली महोत्सवाच्या सभेत दिलेले व्याख्यान)



ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्तुतीचा दिवस होय, आणि म्हणूनच तो स्मरणाचाही दिवस होय. देवळाच्या पायाचा पहिला दगड कोणी बसविला, येथे पहिला स्नानसंस्कार कोणाच्या लेकराचा झाला, पहिली घंटा वाजली तेव्हा कोण कोण हजर होते, असे प्रश्न या दिवशी सहज ओठांवर येतात. त्यांच्या पाठोपाठ आणखी एक प्रश्न घराघरांत उभा राहतो. आपले घराणे मूळचे कोठले, आणि त्याचा मूळपुरुष कोण? आजोबांचे नाव सर्वांस ठाऊक असते. पणजोबांचे नाव घरातील एखाद्या वृद्ध आजीस ठाऊक असते. त्यापलीकडे काळोख असतो, आणि त्या काळोखात माणसे चाचपडू लागतात.

हे चाचपडणे नेहमीच निरुपद्रवी असते असे नाही. ज्यास कागद सापडत नाही तो पुष्कळदा कल्पनेची वंशावळ रचतो व एखाद्या राजघराण्याशी नाते जोडून मोकळा होतो. ज्यास तेवढेही जमत नाही तो आपल्या घराण्यास इतिहासच नाही असे मानून चारचौघांत खाली मान घालतो. आमच्या मते या दोन्ही गोष्टी एकाच गैरसमजातून उपजतात. लिहिलेले नाव म्हणजेच माणूस, आणि नाव सापडले नाही तर माणूसही नव्हता, असा तो गैरसमज होय. तो दूर व्हावा एवढ्यासाठीच आज चार शब्द बोलण्याचे आम्ही योजिले आहे.

त्यासाठी दूरचे उदाहरण शोधण्याचे कारण नाही. आपल्या याच धाराशिव जिल्ह्यात, तेरणा नदीच्या काठी, तेर नावाचे गाव आहे. गोरोबाकाकांचे गाव म्हणून ते अवघ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. परंतु गोरोबाकाकांच्याही कित्येक शतके आधी एक घराणे या गावातून निघून कोकणपट्टीस व कोल्हापूर प्रांती गेले, तेथे राज्यपदास पोहोचले, आणि तेरचे नाव त्याने पिढ्यान् पिढ्या आपल्या बिरुदात वागविले. त्या घराण्याच्या मूळपुरुषाचा शोध विद्वान लोक दोनशेंहून अधिक वर्षे करीत आले आहेत. त्यांना काय सापडले आणि काय सापडले नाही, हे पाहिले म्हणजे आपणां सामान्य घराण्यांसही पुष्कळ शिकता येईल.

या शोधाचा आरंभ ठाण्यास झाला. इ. स. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात पायासाठी खोदकाम चालले असता एक ताम्रपट निघाला. तो शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ सालचा असून उत्तर कोकणचा शिलाहार राजा अरिकेसरी याचा होता. जनरल कार्नाक नावाच्या इंग्रज सेनाधिकाऱ्याने तो कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीस कळविला, रामलोचन पंडित यांनी त्यातील संस्कृताचा अर्थ लावला, आणि सोसायटीच्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात तो छापला गेला. या ताम्रपटात राजाच्या पुष्कळ बिरुदांमध्ये तगरपुराचा स्वामी, अशा अर्थाचे एक बिरुद होते. राजाचे राज्य ठाण्याकडे, आणि बिरुद मात्र तगर नावाच्या कोणत्या तरी निराळ्याच नगराचे! हे तगर कोठले, असा प्रश्न तत्काळ उपस्थित झाला, आणि त्याच खंडात विल्फर्ड नावाच्या लेफ्टनंटाने तगर नगरावर एक लेखही लिहिला.

पुढे शिलाहारांचे आणखी ताम्रपट व शिलालेख उजेडात येत गेले, तेव्हा असे दिसून आले की हे एक घराणे नसून तीन घराणी होती. एक उत्तर कोकणात, ठाणे-साष्टी-वसईच्या बाजूस. दुसरे दक्षिण कोकणात, खारेपाटणच्या बाजूस. आणि तिसरे कोल्हापूर, मिरज, पन्हाळा या भागात. आपणांपैकी ज्यांचे आप्त वसईकडे किंवा साष्टीत आहेत त्यांच्या गावांवर कधीकाळी यांतील पहिल्या घराण्याची सत्ता होती. तिन्ही घराणी आपापल्या ठिकाणी स्वतंत्रपणे नांदली, परंतु तगराचे बिरुद तिघांनीही थोड्याफार शब्दभेदाने वागविले. कोल्हापूरकरांच्या लेखांत ते ‘तगरपुरवराधीश्वर’ असे येते. तीन भाऊबंद तीन दिशांना पांगले तरी मूळ गावाचे नाव त्यांपैकी एकानेही सोडले नाही, असा याचा अर्थ होतो.

परंतु हे मूळ गाव कोणते? तगराचा उल्लेख दोन फार जुन्या परदेशी ग्रंथांत आहे. एक, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील कोणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेले तांबड्या समुद्राकडील व हिंदुस्थानाकडील जलप्रवासाचे वर्णन. दुसरा, दुसऱ्या शतकातील टॉलेमीचा भूगोल. ग्रीक व्यापारी सांगतो की भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, आणि पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचे फार मोठे नगर आहे. तेथून जाडेभरडे कापड, तऱ्हेतऱ्हेची मलमल व इतर माल बिकट वाटांनी गाड्यांतून भडोचास येतो. एवढ्या आधारावर विद्वानांनी तर्क लढविले. विल्फर्डने देवगिरी म्हणजे दौलताबाद हेच तगर असे म्हटले. पंडित भगवानलाल इंद्रजी यांस जुन्नर योग्य वाटले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी धारूरचे नाव सुचविले. हे सारे थोर पंडित होते, तरी गाव काही निश्चित होईना.

अखेर १९०१ साली जॉन फेथफुल फ्लीट या शिलालेखांच्या अभ्यासकाने तेर हेच तगर होय असे साधार प्रतिपादन केले. त्याची रीत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पहिली गोष्ट, नावाची झीज. प्राकृत भाषांत दोन स्वरांमधला ग पुष्कळदा गळून पडतो. तगर, मग तयर, मग तेर, अशी ती झीज नियमास धरून होते. दुसरी गोष्ट, अंतर. पैठणहून तेर साधारण आग्नेयेस आहे, आणि दहा दिवसांच्या गाडीवाटेशी ते अंतर जुळते. तिसरी गोष्ट, जमिनीवरचा पुरावा. फ्लीटच्या लेखानंतर पुराणवस्तू खात्याच्या हेन्री कझन्स याने तेरची पाहणी केली, तेव्हा गावाभोवतीची पांढरीची उंच टेकाडे व त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन देऊळ पाहून गाव फार जुने आहे याविषयी शंका उरली नाही. हे देऊळ मुळात बौद्धांचे चैत्यगृह असावे असे त्याच्या मागील अर्धवर्तुळाकार बांधणीवरून अभ्यासकांचे मत आहे.

त्यानंतर १९५८ साली बा. ना. चापेकर यांनी तेर येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी तर आयुष्यभर शेतांतून, ओढ्यांतून व टेकाडांवरून सापडणाऱ्या वस्तू जपून ठेविल्या. त्यांच्या नावाचे सरकारी वस्तुसंग्रहालय आज तेरमध्ये आहे. तेथे सातवाहनांची नाणी आहेत, मातीच्या मूर्ती आहेत, रोमकांच्या धर्तीचे मातीचे दिवे आहेत. तेरला मिळालेल्या एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे साम्य इटलीतील पाँपेई नगरात सापडलेल्या हिंदी हस्तिदंती मूर्तीशी आहे. पाँपेई हे नगर इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले, तेव्हा ती मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली असली पाहिजे. ग्रीक व्यापाऱ्याच्या पुस्तकातील वाक्याची साक्ष अशा रीतीने तेरच्या मातीनेच दिली.

गाव सापडले. आता माणूस कोठे आहे?

येथे कागद, म्हणजे तांबे व दगड, फार थोडे बोलतात. उत्तर कोकणच्या घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष कपर्दी. त्याचे राज्य इ. स. ८०० च्या सुमाराचे मानितात. त्याचा स्वतःचा लेख नाही. त्याचा मुलगा पुल्लशक्ती याच्या वेळचा शके ७६५, म्हणजे इ. स. ८४३ च्या सुमाराचा लेख मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांत आहे, आणि त्यात बापाचे नाव येते. कोल्हापूरच्या घराण्याचा पहिला ज्ञात पुरुष जतिग. त्याचे नाव आपणांस वंशजांच्या ताम्रपटांतूनच कळते. मिरज येथील मारसिंहाचा ताम्रपट शके ९८०, म्हणजे इ. स. १०५८ चा आहे. दक्षिण कोकणच्या घराण्याविषयी मात्र एक उत्तम साधन हाती आहे, ते म्हणजे खारेपाटण येथील रट्टराजाचा ताम्रपट. तो शके ९३० चा, म्हणजे इ. स. १००८ चा आहे, आणि तो प्रथम प्रसिद्ध करणारे गृहस्थ दुसरे तिसरे कोणी नसून मराठी वृत्तपत्रांचे जनक बाळ गंगाधर शास्त्री जांभेकर हे होते.

या खारेपाटणच्या पटात दहा पिढ्यांची नावे क्रमाने दिली आहेत. आरंभी सणफुल्ल, मग धम्मियर, ज्याने बलिपत्तन वसविले, मग ऐयपराज, पहिला अवसर, आदित्यवर्मा, दुसरा अवसर, इंद्रराज, भीम, तिसरा अवसर, आणि शेवटी रट्टराज. सणफुल्लाविषयी पट म्हणतो की कृष्णराजाच्या कृपेने त्यास सह्याद्री व समुद्र यांमधला प्रदेश मिळाला. हा कृष्णराज म्हणजे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, ज्याची कारकीर्द इ. स. ७५६ ते ७७४ च्या सुमाराची मानितात. तेव्हा तिन्ही घराण्यांत सर्वांत जुना ज्ञात पुरुष आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील हा सणफुल्ल होय.

परंतु सणफुल्लाचा बाप कोण? तेरहून प्रथम कोण निघाला? तो तेरचा राजा होता, सरदार होता, की एखाद्या मोठ्या राजाच्या चाकरीतला शिपाई होता? येथे तिन्ही घराण्यांचे पट एकदम आकाशात उडी घेतात. आमचा पूर्वज जीमूतकेतूचा पुत्र जीमूतवाहन नावाचा विद्याधर, असे ते सांगतात. ही कथा पुष्कळांस ठाऊक असेल. सातव्या शतकातील हर्षराजाच्या ‘नागानंद’ नाटकाचा विषय तीच आहे. गरुडाच्या भक्ष्यस्थानी पडणाऱ्या शंखचूड नागाऐवजी जीमूतवाहन स्वतः वध्यशिळेवर जाऊन बसला व त्याने आपला देह गरुडास दिला. शिळेवरचा आहार, म्हणून शिलाहार, असा नावाचा अर्थ लाविला जातो. दुसऱ्यासाठी प्राण देणाऱ्याची कथा म्हणून ती उदात्त आहे यात शंका नाही. परंतु जुन्या लेखांत हे नाव सिलार, शिलार, सेलार असेही येते, आणि मग आधी नाव व नंतर त्यास शोभणारी कथा, असा क्रम असावा असा संशय येतो. शिवाय या राजांची कित्येक बिरुदे कानडी भाषेतली आहेत. तेव्हा विद्याधरांच्या स्वर्गलोकापेक्षा मराठी-कानडी सरहद्दीवरचा हा आपला मुलूखच त्यांच्या मूळ घराच्या अधिक जवळचा ठरतो.

बिरुदाविषयीही सावधपणे बोलावे लागते. तगरपुराचा स्वामी असे म्हणणाऱ्या या राजांची सत्ता ते म्हणत असताना तेरवर नव्हती. अशी बिरुदे त्या काळी अनेक घराणी वागवीत. सौंदत्तीचे रट्ट स्वतःस लट्टलूरचे स्वामी म्हणवीत, आणि हे लट्टलूर म्हणजे आपले शेजारचे लातूर होय. देवगिरीचे यादव द्वारावतीचे, म्हणजे द्वारकेचे, स्वामी म्हणवीत. गोव्याचे कदंब बनवासीचे नाव घेत. तेव्हा ‘आम्ही तेथे राज्य करीत होतो’ एवढा दावा या बिरुदावरून सिद्ध होत नाही. ‘आम्ही तेथून आलो’ एवढीच आठवण त्यात सुरक्षित आहे. पुण्यामुंबईस राहणारा एखादा गृहस्थ पाच पिढ्यांपूर्वी सुटलेल्या गावाचे नाव आडनावात वागवितो, त्यातलाच हा प्रकार.

आणखी एक धागा आहे, तो धाराशिवच्या लेण्यांशी जोडलेला आहे. कनकामर नावाच्या जैन मुनीने अकराव्या शतकाच्या सुमारास अपभ्रंश भाषेत ‘करकंडचरिउ’ हे काव्य रचिले. प्राध्यापक हिरालाल जैन यांनी ते १९३४ साली संपादून प्रसिद्ध केले. त्यात करकंड राजा तेरापुराजवळच्या डोंगरातील लेणे पाहतो व त्याची पूर्वकथा ऐकतो. त्या कथेत नील व महानील नावाचे दोन विद्याधर भाऊ उत्तरेकडून हाकलले जाऊन तेरापुरास येतात व तेथे राज्य स्थापितात. हिरालाल जैन यांनी याची सांगड शिलाहारांशी घातली. कारण तेच तेर, तेच विद्याधर. सांगड मनास ओढून घेणारी आहे खरी. तरी काव्य ज्या काळी लिहिले गेले त्यापूर्वी सणफुल्लास तीनशे वर्षे होऊन गेली होती, आणि तोवर शिलाहारांची विद्याधरकथा ताम्रपटांतून सर्वत्र पसरलीही होती. काव्याने ती तेथून उचलली, की दोघांनी एकाच जुन्या लोककथेतून घेतली, हे ठरविण्यास साधन नाही. म्हणून नील-महानील यांस मूळपुरुषाच्या जागी बसविणे योग्य होणार नाही.

मौज अशी की त्या अंधाऱ्या काळातील तेरच्या एका रहिवाशाची नोंद आपणांजवळ आहे. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने इ. स. ६१२ साली एका ब्राह्मणास गाव दान दिला, त्या ताम्रपटात दान घेणारा तगरचा राहणारा असे लिहिले आहे. त्याला जमीन मिळाली म्हणून त्याचे नाव राहिले. त्याच शतकात किंवा पुढच्या शतकात तेरमधून जो मनुष्य भाकरी बांधून पश्चिमेस निघाला, आणि ज्याच्या वंशात पुढे तीन राज्ये झाली, त्याच्या नावावर त्या दिवशी काही चढले नाही. म्हणून त्याचे नाव कोठेही नाही.

या दीर्घ शोधाचा निकाल असा आहे: गाव निश्चित, माणूस अज्ञात. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी शिलाहारांचे सारे लेख एकत्र करून १९७७ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढे लेख हाती येऊनही सणफुल्लाच्या मागची जागा रिकामीच राहिली आहे. आणि आमचे म्हणणे असे की हा निकाल पराभवाचा नव्हे. तगर कोठे होते हे शंभर वर्षे कोणास सांगता येत नव्हते, ते आज सांगता येते. जे कळले ते पक्के कळले, आणि जे कळले नाही त्या जागी विद्याधर बसविण्याची गरज उरली नाही.

आता हीच तराजू आपल्या घरी आणू या. राजांच्या घराण्यांची ही गत, तर आपली काय असेल? आपणांपैकी कित्येकांचे वाडवडील शेतमजूर होते, कित्येक बलुतेदार होते, कित्येकांस गावकुसाबाहेर ठेविले गेले होते. जुन्या दप्तरात नाव येते ते जमिनीच्या, वतनाच्या किंवा देण्याघेण्याच्या निमित्ताने. ज्याच्याजवळ यांतले काही नव्हते त्याचे नाव लिहिण्याचे कोणास कारण पडले नाही. हा दोष त्या माणसाचा नव्हे. तो लिहिणाऱ्यांच्या नजरेचा होय. म्हणून ‘आमच्या घराण्यास इतिहास नाही’ असे कोणी म्हणू नये. इतिहास आहे, लेखन नाही.

तरी जेवढे लेखन आहे तेवढे तरी शोधले पाहिजे, आणि आपल्या जिल्ह्यात ते शोधणे कठीण का आहे हे जाणले पाहिजे. या जिल्ह्याचे नाव पूर्वी नळदुर्ग होते, विसाव्या शतकाच्या आरंभी उस्मानाबाद झाले, आणि २०२३ साली धाराशिव झाले. जुने कागद शोधणाऱ्यास तिन्ही नावे आठवावी लागतात. निजामाने १८५३ साली हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला व १८६० साली तो परत मिळविला; मधल्या काळात कर्नल मेडोज टेलर याने नळदुर्गास राहून कारभार पाहिला. म्हणजे सात वर्षांचे कागद एका सरकारचे, बाकीचे दुसऱ्याचे. निजामी दप्तर आधी फारसीत व पुढे उर्दूत, गावकऱ्यांचे व कुळकर्ण्यांचे लिखाण मोडीत. १९४८ साली हैदराबाद संस्थान भारतीय संघराज्यात विलीन झाले, १९५६ साली हा भाग मुंबई राज्यात व १९६० साली महाराष्ट्रात आला, १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा निघाला. प्रत्येक बदलाबरोबर दप्तराच्या पेट्या एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेल्या. त्यावर ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप. उमरगा-लोहारा भागात घरे पडली, आणि घरांबरोबर घरांतले कागदही मातीखाली गेले.

या अडचणी कल्पनेतल्या नाहीत. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातील निजामकालीन दप्तर तपासविले, तेव्हा मोडी व उर्दू वाचणारी माणसे मुद्दाम शोधून आणावी लागली. त्या निमित्ताने हजारो कुटुंबांनी आपल्या पणजोबांचे नाव प्रथमच कागदावर पाहिले. त्या मागणीचा वाद येथे आमचा विषय नाही. परंतु जन्ममृत्यूचे कोतवाल बुक, जमिनीचे खासरा पत्रक व सेतवार, शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, या साध्या कागदांचे मोल केवढे असते हे त्या वेळी सर्वांस कळून चुकले.

आपणां कॅथलिकांजवळ याहून एक अधिक साधन आहे, ते म्हणजे देवळातील नोंदवह्या. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ साली लग्नांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. १९१७ च्या धर्मसंहितेने प्रत्येक पॅरिशमध्ये स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह व मृत्यू यांच्या वह्या, आणि त्यांशिवाय कुटुंबवार आत्म्यांची वही असावी, व ही शेवटची वही वगळून बाकीच्या वह्यांची प्रत वर्षाअखेर बिशपांच्या कचेरीत पाठवावी असे ठरविले. आजच्या १९८३ च्या संहितेनुसारही स्नानसंस्काराच्या वहीत मुलाचे, आईबापांचे, धर्ममातापित्यांचे व संस्कार देणाऱ्याचे नाव, स्थळ व तारखा लिहाव्या लागतात, आणि पुढे त्याच नोंदीच्या समासात दृढीकरण व विवाह यांची टीप होते. या वहीचा सर्वांत मोठा गुण असा की तिच्यात नाव येण्यास जमीन लागत नाही, वतन लागत नाही, जात लागत नाही. जन्मलेले लेकरू लागते, एवढेच. ज्या माणसाचे नाव सरकारी दप्तराने कधी घेतले नाही, त्याच्या बायकोचे नावसुद्धा येथे आई म्हणून लिहिलेले असते. कित्येक घराण्यांच्या मूळपुरुषाचे पहिले लिखित नाव हेच होय. जुन्या वह्या शोधताना एवढे लक्षात ठेवावे की धर्मप्रांतही वेगळे होत गेले. अमरावतीचा धर्मप्रांत १९५५ साली नागपूरपासून निघाला, औरंगाबादचा १९७७ साली अमरावतीपासून. तेव्हा आजच्या पॅरिशमध्ये नोंद न मिळाल्यास ज्या जुन्या पॅरिशमधून ती निघाली तेथे विचारावे.

शोध कसा करावा, याविषयी तेरच्या उदाहरणावरून आम्ही चार गोष्टी सांगू. पहिली, आपल्यापासून आरंभ करावा व एकेक पिढी मागे जावे. वरच्या टोकाच्या थोर पुरुषापासून खाली येऊ नये. दुसरी, माणसाचे नाव मिळाले नाही तर गावाचे नाव धरावे. तगराने तीन राजघराण्यांस पिढ्यान् पिढ्या धरून ठेविले, तसे लग्नाच्या गीतांत, आडनावांत व वृद्धांच्या बोलण्यांत गावाचे नाव टिकून राहते. तिसरी, कागद काय म्हणतो व घरातील वडील काय म्हणतात ही दोन्ही लिहावीत, पण वेगवेगळ्या रकान्यांत. चौथी, पुरावा जेथे थांबेल तेथे आपणही थांबावे, आणि त्या ठिकाणी ‘येथून पुढे माहीत नाही’ असे स्पष्ट लिहावे. हे शेवटचे वाक्य लिहिण्यास सर्वांत अधिक धैर्य लागते.

पवित्र शास्त्रासही हा प्रश्न अपरिचित नाही. बाबेलच्या बंदिवासातून परतलेल्या काही याजकांनी आपल्या वंशावळीची नोंद शोधिली व ती त्यांस सापडली नाही, असे एज्राच्या पुस्तकात आहे. त्यापायी त्यांस याजकपदास मुकावे लागले. कागद नसल्याचे दुःख इतके जुने आहे. मत्तयकृत शुभवर्तमानातील आपल्या प्रभूच्या वंशावळीत योराम व उज्जीया यांच्यामध्ये तीन राजांची नावे गाळलेली आहेत, आणि त्याच वंशावळीत राहाब व रूथ या परक्या मुलखातील स्त्रियांची नावे मात्र आवर्जून आली आहेत. तेव्हा वंशावळीत गाळलेल्या जागा असणे हे लांछन नव्हे, आणि साध्या माणसांची नावे असणे हे तर मुळीच नव्हे.

आता एकच विनंती. आज या मंडपात ऐंशी वर्षांवरील जी मंडळी बसली आहेत त्यांच्या मुखात असलेली नावे अद्याप कोणत्याही वहीत नाहीत. कोणी १९७२ च्या दुष्काळात कोणत्या गावाहून कोणत्या खडी फोडण्याच्या कामावर गेले, कोणाची आई कोणत्या वस्तीवरची, कोणाच्या आजोबांनी प्रथम स्नानसंस्कार घेतला व त्यांचे पूर्वीचे नाव काय होते, हे त्यांच्यावाचून कोणी सांगणार नाही. ज्युबिलीच्या या वर्षात प्रत्येक घराने एक वही घ्यावी, तरुणांनी या वडीलधाऱ्यांजवळ बसावे आणि ही नावे लिहून काढावीत. तारीख नक्की नसेल तर दुष्काळ, साथ, भूकंप असा आसपासचा प्रसंग लिहावा. वहीची एक प्रत देवळात ठेवावी.

तेरहून निघालेल्या त्या पहिल्या माणसाचे नाव आता कोणासही सांगता येणार नाही. ते विचारण्याजोगी शेवटची व्यक्ती बाराशे वर्षांपूर्वीच गेली. आपल्या घरांतून निघालेल्या पहिल्या माणसांची नावे मात्र अजून विचारता येतात. ती विचारावयाची वेळ हीच आहे.

 या पॅरिशच्या सर्व कुटुंबांवर परमेश्वराचा आशीर्वाद राहो.